घरघर

मराठीतल्या काही शब्दांची मला फार दिवसांपासून मौज वाटत आली आहे. 'घरघर' हा त्यांपैकी एक. जाते फिरू लागले की घरघरते. पिठाची गिरणी सुरू झाली की तीही घरघरते. आणि एखादे माणूस शेवटच्या घटका मोजू लागले, म्हणजे त्यालाही घरघर लागली असेच आपण म्हणतो. जुने यंत्र, नवे यंत्र आणि मरण हे तिन्ही पाहुणे आमच्या भाषेने एकाच पंक्तीला बसवले आहेत! वाढणाऱ्याने कुणाला काय वाढायचे ते आपले आपण ओळखावे.

नवे युग आपल्याकडे आले तेही असाच आवाज करीत आले. आगगाडीची शिट्टी, छापखान्याची खडखड, कापडगिरणीचा भोंगा. आपल्या लेखकमंडळींनी तो आवाज ऐकला. कुणाला तो चौघड्यासारखा मंगल वाटला, तर कुणाला त्यात एका जगाची शेवटची घरघर ऐकू आली. ज्याच्या त्याच्या कानाचा हा प्रश्न आहे, असे म्हणून तुम्हांला तो सोडून देता येईल. मला तशी सोय नाही. मी मराठीचा मास्तर आहे आणि पोटासाठी हा प्रश्न मला दरसाल शिकवावा लागतो.

आमच्या अभ्यासक्रमात आधुनिकतेचा एक घटक आहे. त्यावर ठरलेला एक प्रश्न असतो. यंत्रयुगातील मानवाचे वैफल्य मर्ढेकरांच्या कवितेच्या आधारे स्पष्ट करा, गुण दहा. मुलांनी बाजारातल्या गाईडातून पाठ केलेले उत्तरही ठरलेले असते. यंत्रयुगात माणूस माणसापासून तुटला, एकाकी झाला, यंत्राचा गुलाम झाला, वगैरे. शंभर उत्तरपत्रिकांत शंभर माणसे एकाच शब्दांत एकाकी होतात, आणि तपासणारा मी एकशे एकावा!

ही उत्तरे लिहिणारी मुले मी रोज समोरच्या बाकांवर पाहतो. कुणाचा बाप रिक्षा चालवतो, कुणाची आई दुसऱ्याच्या शेतात निंदणीला जाते. पंधरा-वीस किलोमीटरवरून एस.टी.च्या पासावर ती येतात. त्यांतल्या कितीजणांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे ते पहिलेच माणूस असते. एकदा तास रंगात आला असताना मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, एस.टी. नसती तर मी बी.ए.ला आलेच नसते. मग हे वैफल्य मी कुठून आणू?"

वर्ग खो खो हसला. मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तेव्हापासून तो माझ्या खिशात आहे. जुन्या-नव्या लेखकांची पुस्तके चाळताना मी तो मधून मधून बाहेर काढतो आणि त्यांच्यापुढे धरतो.

पहिल्यांदा मी तो गोविंद नारायण माडगावकरांपुढे धरला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. तीन इंजिने, चौदा डबे आणि चारशेच्या आसपास निमंत्रित पाहुणे. पुढच्याच वर्षी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. आणि १८६३ साली माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. हे पुस्तक वाचताना मला जत्रेत हरवायला निघालेल्या एखाद्या हुशार मुलाची आठवण होते. काय पाहू आणि किती मोजू असे त्यांना झालेले असते. देवळे, तळी, बाजार, रस्ते, आगगाडी, सारे काही ते टिपून घेतात. वैफल्य नावाची वस्तू त्या बाजारात अजून विक्रीला आलेली नाही. जे दिसते आहे त्याला आपल्या भाषेत शब्द शोधायचे, एवढ्या एका कामात लेखकाचा सगळा जीव गुंतलेला आहे. 'आगगाडी' हा शब्दच पाहा ना! ज्या कुणाच्या तोंडी तो पहिल्यांदा आला असेल त्याने आग पाहिली, गाडी पाहिली आणि दोहोंची गाठ मारून दिली. नव्या वस्तूचे बारसे जुन्या शब्दांनी करायचे ही आपल्या भाषेची जुनी खोड आहे. पुढे ती फार कामाला आली.

पण त्याच दहा वर्षांत पुण्यात आणखी काही लिहिले जात होते. १८५४ साली सावित्रीबाई फुल्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह निघाला. त्यात त्यांनी इंग्रजी विद्येला आईच्या जागी बसवले आहे. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या मातंग मुलीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. पेशवाईत आपल्या लोकांचे काय हाल झाले ते तिने त्यात मांडले आहे. माडगावकरांना नवे युग म्हणजे पाहण्याजोगी गोष्ट होती. या दोघींना ते पाहायला उसंत नव्हती. ते दार होते आणि ते पुन्हा लागण्याच्या आत आत शिरायचे होते. मुक्ताच्या पणजोबांना कुणी लिहायला बसवले नव्हते. गेलेल्या काळासाठी डोळ्यांत पाणी आणायचे, तर त्या काळाने आधी काहीतरी दिलेले असावे लागते.

म्हणून सगळ्या दलित-बहुजन लेखकांनी नव्याची आरतीच ओवाळली असे मात्र कुणी समजू नये. जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ सालचा. त्यात शेतकऱ्यांच्या मुलांना विद्या मिळावी म्हणून ते आग्रह धरतात, बंधारे आणि सुधारलेली शेती मागतात. आणि त्याच पुस्तकात विलायतेच्या यंत्रांवर निघालेल्या मालाने इथल्या कारागिरांची अन्नान्नदशा कशी केली तेही सांगतात. एका हाताने जमा लिहायचे आणि दुसऱ्या हाताने खर्च लिहायचा, अशी ही चोपडी आहे. मला वाटते, नव्या युगाचा चोख हिशेब लिहिणारे आपले पहिले लेखक तेच.

केशवसुतांकडे हा प्रश्न नेला तर ते काय म्हणतील याची मला उत्सुकता होती. 'तुतारी' १८९३ ची. जुने मरू द्यावे आणि नव्याच्या स्वागताला उठावे असे सांगणारी ही कविता आपण सगळ्यांनी शाळेत घोकली आहे. वर्गात ती म्हणताना मास्तरांच्याही गळ्याच्या शिरा फुगतात! पण हाच कवी नोकरीसाठी घाटावर राहत असताना नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्यावर कविता करतो. त्या दिशेला त्याचे कोकण आहे, त्याचे मालगुंड आहे. एकाच छातीतून तुतारीही निघते आणि घरच्या वाऱ्यासाठी सुस्काराही निघतो. पाठ्यपुस्तकवाल्यांनी तुतारी ठेवली आणि सुस्कारा दिला सोडून. तो कवीचा दोष नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. बंदरांतून तो आला आणि आगगाडीच्या रुळांवरून गावोगाव गेला. १९०५ साली हुबळीला केशवसुत त्याच प्लेगने गेले. ज्या नव्या युगाच्या नावाने त्यांनी तुतारी फुंकली, त्याच युगाच्या वाटांनी हे दुखणे गावोगाव पोचले होते. त्याने एकोणचाळीस वर्षांच्या कवीला उचलून नेले.

आता घड्याळाबद्दल थोडे सांगतो, कारण माझ्या मते सगळे भांडण तिथे आहे.

माझे आजोबा भुसावळजवळच्या एका खेड्यात सालदार होते. सालदार म्हणजे वर्षाच्या कराराने शेतमालकाकडे राबणारा गडी. पाडव्याला साल ठरायचे. मग पुढच्या पाडव्यापर्यंत त्या माणसाच्या दिवसाला सुरुवात असे, शेवट नसे. पहाटे गुरांना वैरण, मग औत, मग मोट आणि रात्री खळ्यावर राखण. मालकाने हाक मारली की उठायचे. आजोबांच्या घरात घड्याळ नव्हते. ते असते तरी त्यात किती वाजले याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता.

माझे वडील सातवी झाले आणि पुढे भुसावळच्या लोकोशेडमध्ये खलाशी म्हणून लागले. भुसावळ हे रेल्वेने वाढवलेले गाव. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता ही दोन शहरे लोहमार्गाने जोडली गेली, तो मार्ग इथूनच गेला. शेडचा भोंगा वारा अनुकूल असला म्हणजे आमच्या खेड्यापर्यंत ऐकू येई. वडील सायकलवरून घरी येत, हातपाय धुऊन ओट्यावर बसत. आजोबा त्यांच्याकडे पाहत राहत. पहिले कितीतरी दिवस त्यांचा रोजचा एकच प्रश्न असे. "भोंगा झाल्यावर तुले कोनीच काम नाही सांगत?"

"नाही सांगत, बाबा."

"मालक आला तरी?"

"मालकच नाही तिथं. भोंगा आहे."

हे उत्तर आजोबांना अद्भुत वाटे. वडिलांनी ही हकीगत मला इतक्या वेळा सांगितली आहे की तो ओटा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो. यंत्राच्या ठोक्यावर चालणारा माणूस गुलाम होतो, असे मी वर्गात शिकवतो. माझ्या वडिलांना त्याच ठोक्याने संध्याकाळ दिली. आणि संध्याकाळ मिळाली म्हणून त्यांना वाचनालयातून पुस्तक आणता आले, आणि ते पुस्तक माझ्या हाती पडले, आणि म्हणून मी आज हा लेख लिहितो आहे.

तो ठोकाही काही आपोआप माणसाच्या बाजूने वाजू लागला नाही. मुंबईच्या गिरण्यांत सुरुवातीला सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद, असा शेतातलाच कायदा होता. आठवड्याची सुट्टीही नव्हती. फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणीकामगारांची संघटना बांधली, अर्ज केले, सभा घेतल्या. १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. आज रविवारी सकाळी आपण दुसरा चहा घेत पुरवणी वाचतो, त्या चहात लोखंड्यांचा वाटा आहे. घड्याळ कुणाच्या हातात आहे यावर ते बेडी की किल्ली हे ठरते.

इतके झाल्यावर मर्ढेकरांकडे वळायला आता हरकत नाही. बाळ सीताराम मर्ढेकर १९०९ साली खानदेशातल्या फैजपुरात जन्मले. आय.सी.एस.साठी विलायतेला जाऊन आले, इंग्रजीचे प्राध्यापक झाले, मग आकाशवाणीत अधिकारी झाले. दुसरे महायुद्ध त्यांनी ऐन पस्तिशीच्या अलीकडे-पलीकडे पाहिले. १९४७ साली 'काही कविता' आली आणि मराठी कवितेच्या अंगणात बॉम्ब पडल्यासारखे झाले. अश्लीलतेचा खटला झाला. त्यातून ते निर्दोष सुटले. या कवितेत शहरातला माणूस उठतो, विजेची गाडी पकडतो, कचेरीत जातो, परत येतो आणि यांपैकी काहीही आपण करतो आहोत असे त्याला वाटत नाही. सगळे त्याच्याकडून होत असते. पिपात बुडून मेलेल्या उंदरांकडे हा कवी पाहतो आणि त्याला माणसे दिसतात.

हे वैफल्य खोटे आहे काय? मुळीच नाही. मुंबईत १९२५ साली विजेची गाडी सुरू झाली आणि दोन पिढ्यांत तिने माणसाची सकाळ गिळली, हे कुणीतरी लिहायलाच हवे होते. युद्धाने यंत्राचा दुसरा चेहरा दाखवला, तेही लिहायला हवे होते. मर्ढेकरांनी ते जीव पणाला लावून लिहिले. पण गाईडवाले एक गोष्ट सांगत नाहीत. हाच कवी माघातल्या पहाटेची मुंबई पाहतो तेव्हा तिच्या बंदरावर भाळतो. धुराचा, चहाचा वास आणि डांबरी रस्त्यावरची शांतता यांचेही त्याला अप्रूप वाटते. शहराच्या पोटात एक प्रचंड धांदल लपलेली आहे, ती क्षणात उठेल, हे तो जाणतो. आणि त्या धांदलीच्या आधीचा एक क्षण हाताने थोपवून धरू पाहतो. यंत्रनगरीवर प्रेम केल्यावाचून तिची एवढी चीड येत नाही.

आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. या सर्वांत नव्या कवीने आपले सर्वांत नवे दुःख सांगायला कोणता घाट घेतला? ओवी आणि अभंग! ज्ञानोबा-तुकोबांनी देवाशी बोलण्यासाठी वापरलेली वाट त्याने विजेच्या गाडीसाठी वापरली. आगगाडीच्या बारशाला जुने शब्द आले होते. इथे जुना छंद आला.

ज्या खानदेशात मर्ढेकर जन्मले त्याच खानदेशात, जळगावजवळच्या असोद्याला, त्यांच्या आधी एकोणतीस वर्षे एक मुलगी जन्मली होती. बहिणाबाई चौधरी, जन्म १८८०. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरोटावर, म्हणजे जात्यावर, त्या गाणी रचीत. एकदा त्यांनी जळगावातला छापखाना पाहिला आणि त्यावरही गाणे रचले. विलायत पाहून आलेल्या कवीने यंत्र पाहिले आणि अक्षरशत्रू बाईनेही पाहिले. बाईंचा रोख काय होता? यंत्रातून निघालेला कोरा कागद शहाणा होतो, पण त्या यंत्रापुढे उभा असलेला माणूस होता तितकाच वेडा राहतो! यंत्रावर रुसवा नाही, यंत्रापुढे लोटांगणही नाही. शेजारच्या घरी नवी सून आली म्हणजे जाणती बाई जशी तिला आपादमस्तक न्याहाळते आणि एकाच वाक्यात निकाल देते, तसे त्यांनी छापखान्याला न्याहाळले. पहिल्या दर्जाची आधुनिक कविता म्हणतात ती यापेक्षा निराळी काय असते?

सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने ही गाणी वेळीच उतरून घेतली होती. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई वारल्या. १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली. ज्या छापखान्याची त्यांनी थट्टा केली त्यानेच त्यांना घराघरांत पोचवले. तो नसता तर असोद्याच्या शिवाराबाहेर त्यांना कुणी ओळखले असते?

आता माझ्या घरातल्या घरोटाची गोष्ट सांगतो. एम.ए.ला असताना ओव्यांवर काही लिहावे म्हणून टेपरेकॉर्डर घेऊन मी आजीकडे गेलो होतो. यंत्र सुरू केले आणि म्हटले, "आजी, म्हण." आजी गप्प. तिला एकही ओवी आठवेना. ती म्हणाली, "हात रिकामा आहे, कशी येईन?" शेवटी अंगणाच्या कोपऱ्यात पडलेला घरोट आम्ही दोघांनी मिळून लावला. रिकामे जाते फिरवू नये म्हणून तिने त्यात दोन मुठी ज्वारी टाकली. खुंट्याला हात लागला आणि ओव्या दाण्यांसारख्या पडू लागल्या. सात-आठ ओव्यांनंतर ती दमून थांबली. मला अगदी भरून आले होते. मी विचारले, "आजी, घरोट गेला याचं वाईट वाटतं का गं?"

तिने तळहात माझ्यापुढे केले. गावात गिरणी येऊन चाळीस-पन्नास वर्षे झाली होती तरी तिथले कातडे जोड्याच्या तळासारखे होते. म्हणाली, "दोन पायल्या ज्वारी दयीसनी पाह्य, बापू, मंग इचार."

मी टेपरेकॉर्डर बंद करू लागलो. तेव्हा ती हळूच म्हणाली, "एक मात्र आहे. घरोटावर बोललेलं घरोटच ऐके. गिरणीवर सारा गाव उभा राहे."

ओवीवर मी पुष्कळ ग्रंथ वाचले आहेत. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवना'त ओव्या गोळा केल्या, इंदिरा संतांनी 'मालनगाथा' सिद्ध केली, हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. या कामाचे मोल सांगायला मी असमर्थ आहे. पण आजीच्या या दोन वाक्यांत मला जे सापडले ते कुठल्याच ग्रंथात सापडले नव्हते. गिरणीने तिला पहाटेची झोप दिली, हातांना विसावा दिला. आणि जिथे सासूला न कळता रडता येई, माहेरची नावे घेता येत, भावावर रागावता येई, ती चार हात जागा काढून घेतली. ज्या बायकांना अक्षर भेटले त्यांना त्या जागेऐवजी कागद मिळाला. लग्नानंतर लिहायला शिकलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३७ या काळात निघाली, ती अशाच एका बाईने कागदाशी केलेली बोलणी आहेत. आजीच्या वाट्याला अक्षर आले नाही. तिच्या पिढीच्या किती बायकांचा घरोट गेला आणि कागद आला नाही! या मधल्या रिकाम्या जागेबद्दल दहा गुणांचा प्रश्न मी अजून कुठल्या प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही.

नव्या युगाच्या जमाखर्चात अशा नोंदी फार असतात. म्हणूनच त्याला नुसते 'ये' म्हणणारा किंवा नुसते 'जा' म्हणणारा लेखक वाचून माझे समाधान होत नाही. आपण कुठे उभे आहोत हे ज्याला पक्के ठाऊक असते आणि त्या जागेवरून जे दिसले तेवढे जो लिहितो, त्याचे लिहिणे टिकते. नारायण सुर्वे मुंबईच्या गिरणगावात वाढले. एका गिरणीकामगाराने त्यांना रस्त्यावरून उचलून घरी नेले होते आणि आपले नाव दिले होते. ज्याला जन्माने गाव दिले नाही, घराणे दिले नाही, त्याने कुठल्या हरवलेल्या गावासाठी उसासे टाकावेत? कामगारांच्या त्या वस्तीनेच त्यांना बाप दिला, भाषा दिली. त्यांच्या दुसऱ्या संग्रहाला त्यांनी नाव दिले 'माझे विद्यापीठ', साल १९६६. ते विद्यापीठ म्हणजे हेच शहर. पण पहिल्या, १९६२ सालच्या संग्रहाचे नाव? 'ऐसा गा मी ब्रह्म'! कारखान्याच्या धुरात वाढलेल्या कवीलाही स्वतःची ओळख करून द्यायला संतांचीच बोली जवळची वाटली. आणि १९८२ च्या संपानंतर ते गिरणगाव बघता बघता ओसरत गेले. ज्यांना भोंग्याने संध्याकाळ दिली होती त्यांच्या दारात एके दिवशी भोंगा वाजेनासा झाला. भोंग्याची बेडी होते असे म्हणणारे कवी आपण वाचले. भोंगा थांबल्यावर घरात किती शांत वाटते आणि ती शांतता किती महाग पडते, हे त्या वस्तीतल्या माणसांना विचारावे.

त्या मुलीला मी उत्तर दिले ते थोडक्यात असे. वैफल्य कुठून आणायचे नाही. मर्ढेकरांचे वैफल्य मर्ढेकरांचे आहे, ते आदराने वाचायचे आणि जागच्या जागी ठेवायचे. तुझ्या घरी नवे युग कोणत्या दाराने आले, येताना काय घेऊन आले आणि जाताना उंबऱ्यावरचे काय उचलून घेऊन गेले, ते तू शोध. तीही आधुनिकताच आहे, फक्त तिच्यावर अजून गाईड निघालेले नाही.

तेव्हापासून दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी मुलांना एक काम देतो. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारून यायचे की गावात पहिल्यांदा गिरणी, नळ, एस.टी., रेडिओ किंवा वीज आली तो दिवस कसा होता. तिने जे सांगितले ते तिच्याच शब्दांत पानभर लिहायचे. व्याकरण मी तपासत नाही. पाने फार गमतीची येतात. एका आजीने सांगितले की, नळ आला आणि डोक्यावरचा हंडा उतरला, पण विहिरीवर भेटणारी मैत्रीण पुन्हा लग्नातच भेटू लागली. दुसरीने सांगितले की, रेडिओतला माणूस रोज नमस्कार करतो म्हणून सासरे पहिले आठ दिवस त्याला उलट नमस्कार करीत. तिसरीच्या मते एस.टी. आल्यामुळे माहेर जवळ आले आणि त्याबरोबर नणंदाही जवळ आल्या!

गेल्या वर्षी एका मुलाने जेमतेम पाच ओळी लिहून आणल्या. आजी फार बोलत नाही, म्हणाला. वीज आली त्या संध्याकाळी घरात दिवा लागला तेव्हा काय वाटले, असे त्याने तिला विचारले होते. आजी म्हणाली, "भिती किती काया होत्या ते त्या दिवशी दिसलं. चुलीचा धूर बसलेला. इतकी वर्षं त्या घरात राहत होतो, पण कळलंच नव्हतं. मला तर लाज वाटली. तुझा आजा म्हणे, दिवा बंद कर. मी म्हटलं, दिवा राहू दे, चुना आण."

त्या दिवाळीला त्यांच्या घराला पहिल्यांदा चुना लागला, असे त्याने शेवटी लिहिले आहे.